गणिताचे एक चिन्ह, दुसऱ्या टंकातून

होळकरांच्या राजवटीपासून इंदूर शहरात मराठी भाषकांची वस्ती आहे. तेथील अन्नपूर्णा मंदिराच्या परिसरात एखादा शिक्षक गणिताची प्रश्नपत्रिका घेऊन टंकनाच्या दुकानात गेला आहे, अशी कल्पना करावी. मजकूर ‘अ > ब’ असा आहे. छापून येतो तो ‘अ झ ब’. बरोबरीच्या चिन्हाच्या जागी ‘त्र’ उमटतो. टंकलेखकाने कळ योग्यच दाबलेली असते.

याचे कारण टंकाच्या रचनेत आहे. मध्य प्रदेशात हिंदी टंकनासाठी रुळलेल्या ‘कृतीदेव’सारख्या जुन्या टंकांत देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी बसविलेली आहेत. देवनागरीची अक्षरे व जोडाक्षरे पुष्कळ, जागा थोड्या. त्यामुळे गणिताच्या चिन्हांना घर सोडावे लागले. संगणकाच्या लेखी ती खूण ‘=’ हीच असते; कागदावर मात्र ती ‘त्र’ दिसते.

उपाय एवढाच, की तेवढे एकच चिन्ह निवडून त्याला इंग्रजी टंक लावावा. खिळ्यांच्या छपाईतही हेच केले जाई. जुळारी इंग्रजी खणातून चिन्हाचा खिळा उचलून देवनागरी ओळीत बसवीत असे. सोळा पॉइंटांच्या ओळीत बारा पॉइंटांचा खिळा आला, तर वरखाली शिशाच्या पट्ट्या घालून तो घट्ट करावा लागे. नाहीतर तो हलत असे. आज पट्ट्या नाहीत, पण चिन्ह ओळीच्या मानाने खाली बसले किंवा फार बारीक दिसले, तर आकार व उंची जुळवावीच लागते.

खरा धोका पुढे असतो. शेवटच्या घटकेस कोणी सर्व मजकूर निवडून एकच टंक लावला, की उसने आणलेले प्रत्येक चिन्ह पुन्हा अक्षर बनते. जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करतानाही साधे परिवर्तक समीकरणातील ‘=’ला निमूटपणे ‘त्र’ करतात. म्हणून टंकबदल व रूपांतर झाल्यानंतरच मुद्रिते तपासावीत. आधी तपासलेली प्रत कामाची नाही. परीक्षेच्या दालनात विद्यार्थ्याला ‘झ’चा अर्थ कोणी सांगत नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक आहे, त्यामुळे अर्थ बिघडत नाही. टंकात चिन्ह नसेल, तर बहुतेक संगणक ते दुसऱ्या टंकातून आपणहून घेतात, किंवा रिकामी चौकट दाखवितात. रुपयाच्या चिन्हाचा अनुभव असाच आहे. १५ जुलै २०१० रोजी ते स्वीकारण्यात आले आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आले. पण त्यापूर्वी घडविलेल्या टंकांत ते असणे शक्यच नव्हते. अंदाजपत्रकात रकमेपूर्वी चौकट दिसली, तर तेवढी खूणच नव्या टंकातून घ्यावी.

डोनाल्ड नुथ यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘टेक’ या अक्षरजुळणी पद्धतीत काम करणाऱ्यांना उलटी अडचण येते. एका चिन्हासाठी चिन्हांचा संपूर्ण संच मागविला, तर बेरजेची व संकलनाची चिन्हेही बदलून पुस्तकाचे रूप पालटू शकते. तेथे संच न मागविता त्या टंकातील एकाच चिन्हाची घोषणा करता येते. बाकीची चिन्हे जागच्या जागी राहतात.

मुद्रणालयाकडे धारिका पाठविताना उसना टंकही तिच्यात अंतर्भूत करावा. मुद्रणालयाच्या यंत्रावर तो टंक असेलच असे नाही.