कळंबचा ताप दिल्लीला कसा कळतो?

पावसाळा सुरू झाला की वर्गातले दोन-चार बाक रिकामे दिसू लागतात. ‘सर, त्याला ताप आलाय,’ असे कोणीतरी सांगतो, हजेरीपटावर गैरहजेरी लागते आणि धडा पुढे चालू होतो. पण समजा, कळंबच्या एखाद्या शाळेत एकाच आठवड्यात अठरा मुले अशी आजारी पडली, तर? ही नेहमीची सर्दी, की नव्या साथीची चाहूल? आणि ते ओळखायचे कोणी?

हा प्रश्न 2009 साली आपल्या राज्यासमोर उभा राहिला होता. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात मेक्सिको आणि अमेरिकेत इन्फ्लुएन्झाचा, म्हणजे फ्लूचा, एक नवा विषाणू आढळला. मे महिन्यात भारतातील पहिला रुग्ण हैदराबादला सापडला. 11 जून रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक साथ असल्याचे जाहीर केले. आणि 3 ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातील हा या रोगाचा पहिला बळी. पुण्यातील शाळा आणि चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवावी लागली.

हा विषाणू ‘नवा’ कसा? फ्लूच्या विषाणूची जनुके आठ तुकड्यांत असतात. डुकराच्या शरीरात दोन प्रकारचे विषाणू एकाच वेळी शिरले, तर पत्ते पिसावेत तसे हे तुकडे मिसळतात आणि वेगळाच डाव तयार होतो. 2009 च्या विषाणूत डुकरे, पक्षी आणि माणसे या तिघांच्या विषाणूंकडून आलेली जनुके होती. ‘स्वाइन फ्लू’ हे नाव पडले ते यामुळेच. तरुणांच्या शरीराला त्याची ओळख नव्हती, म्हणून तो झपाट्याने पसरला.

विमानतळांवर परदेशाहून येणाऱ्यांची तपासणी सुरू होती. मग विषाणू आत आला कसा? याचे कारण सोपे आहे. फ्लूचा रुग्ण ताप येण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच रोग पसरवू शकतो. ताप नसलेला माणूस तपासणीत सापडणार कसा? म्हणून पहारा केवळ दारावर ठेवून भागत नाही, तो गावोगावी ठेवावा लागतो.

यासाठी 2004 साली देशात ‘एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम’ सुरू झाला. त्याची साखळी पाहा. गावातील आरोग्यसेविका ताप-खोकल्याच्या रुग्णांची नोंद करते. दवाखान्यातील डॉक्टर तपासून संशयित रोग लिहितात. प्रयोगशाळा खात्रीचे निदान कळवते. ही माहिती जिल्हा आणि राज्य अशा पायऱ्या चढत दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे जाते. पूर्वी हे आठवड्याचे कागदी तक्ते असत. 2021 पासून नोंदी संगणकावर आणि मोबाइलवर होऊ लागल्या.

फ्लूची खात्री कशी करतात? रुग्णाच्या नाकातील व घशातील स्राव एका काडीवर घेऊन, थंड पेटीत ठेवून तो प्रयोगशाळेत पाठवतात. तेथे विषाणूचा जनुकीय भाग असंख्य पटींनी वाढवून ओळखतात. 1952 साली स्थापन झालेली पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था हे काम करते. 2009 मध्ये देशातील तपासणीचा मोठा भार तिच्यावरच पडला. पण हजारो माणसे रांगा लावू लागली, तेव्हा सर्वांची तपासणी अशक्य झाली. मग रुग्णांचे तीन गट करण्यात आले. सौम्य आजार असलेल्यांनी तपासणीविना घरीच विश्रांती घ्यायची. ज्यांना धोका अधिक, त्यांना डॉक्टरांनी औषध द्यायचे. गंभीर रुग्णांची मात्र तपासणी करून त्यांना रुग्णालयात दाखल करायचे. 2010 मध्ये भारतात तयार झालेल्या लसीही आल्या. त्यांतील एक पुण्यात बनलेली, नाकात फवारण्याची होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अठरा मुले आजारी पडणे जास्त की नेहमीचेच? एकट्या त्या आकड्यावरून हे सांगता येणार नाही. मागच्या वर्षी त्याच आठवड्यात तीन मुले आजारी असतील, तर धोक्याची घंटा वाजली. सोळा असतील, तर कदाचित नाही. म्हणजे साथ नसलेल्या आठवड्यांची नोंदही तितकीच मोलाची. ‘या आठवड्यात रुग्ण शून्य’ हे लिहिणे कंटाळवाणे वाटेल, पण लिहिलेले शून्य आणि रिकामी सोडलेली जागा यांत मोठा फरक आहे. शून्य सांगते, ‘मी पाहिले, कोणी नव्हते.’ रिकामी जागा काहीच सांगत नाही.

करून पाहा : गुरुजींच्या परवानगीने वर्गाच्या हजेरीपटावरून दर आठवड्याची गैरहजेरी मोजा. कोणाचेही नाव न लिहिता फक्त आकडे घ्या आणि वर्षभराचा आलेख काढा. सण, सुगीचे दिवस, परीक्षा यांच्या खुणा त्यावर करा. या कारणांनी उलगडत नसलेले एखादे उंच टोक दिसले, तर ते का आले असावे, याची वर्गात चर्चा करा. पुढे कधी असे टोक चालू आठवड्यातच दिसले, तर ते शिक्षकांमार्फत जवळच्या आरोग्य केंद्राला कळवायला विसरू नका. आणि स्वतःला ताप-खोकला असेल, तर घरी राहा, खोकताना तोंडावर रुमाल धरा. पहाऱ्याची पहिली कडी तुम्हीच आहात.