शके १८३७ वर विसंबू नका

मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा सुरू होते. त्याच्या पंधरवडाभर आधी, शुद्ध एकादशीला, गीता जयंती. त्या दिवशी सटाण्यातच माझ्या ओळखीच्या एका घरात देवघरातलं एक जाडजूड पुस्तक पाटावर ठेवून त्याची पूजा होते. लोकमान्य टिळकांचं ‘गीतारहस्य’. गेल्या वर्षी पूजा झाल्यावर घरच्या नानांनी ते माझ्या हातात दिलं. “आजोबांनी घेतलेलं आहे. पहिली आवृत्ती. लाखाच्या खाली जायची नाही.”

मी पानं उलटायच्या आधी त्यांनीच प्रस्तावनेचा शेवट काढून दाखवला : अधिक वैशाख, शके १८३७. त्यात ७८ मिळवले की १९१५ येतं, आणि गीतारहस्याची पहिली आवृत्ती निघाली ती जून १९१५ मध्येच. हिशेब चोख होता. प्रत मात्र पहिल्या आवृत्तीची नव्हती.

बहुतेकांची फसगत इथेच होते. ती तारीख प्रस्तावना लिहून झाल्याची आहे, पुस्तक छापल्याची नव्हे. पुढच्या आवृत्त्यांतही ती प्रस्तावना तारखेसकट छापली गेली, त्यामुळे परवा दुकानातून आणलेल्या प्रतीतही शके १८३७ सापडेल. पाहायचं ते शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू. आवृत्ती कितवी, साल कोणतं, प्रकाशक कोण, हे तिथे कळतं. नुसतं १९१५ हे सालही पुरत नाही, कारण दुसरी आवृत्ती त्याच वर्षी सप्टेंबरात आली. तिसरी १९१८ ची, चौथी १९२३ ची. टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले. प्रकाशकाच्या जागी त्यांच्या मुलांची नावं दिसली, तर प्रत त्यानंतरची समजावी. आत ‘दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना’ असेल, तर प्रश्नच मिटला. नानांच्या प्रतीवर ‘आवृत्ति चौथी’ असं स्वच्छ छापलेलं होतं. इतक्या वर्षांत ते पान कुणी नीट पाहिलंच नव्हतं.

दुसरा समज असा की टिळकांनी हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगातूनच छापून घेतला. लिहिला तुरुंगात, हे खरं. २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ एवढ्या पाच महिन्यांत त्यांनी तो शिसपेन्सिलीनं वह्यांमध्ये उतरवला. पण जून १९१४ मध्ये सुटका झाली तेव्हा वह्या सरकारच्या ताब्यात होत्या. त्या परत मिळाल्यावर पुण्यात छपाई झाली. म्हणून पहिल्या आवृत्तीवर १९११ साल असूच शकत नाही. कुणी तसं सांगून प्रत विकायला आला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

किमतीचं म्हणाल, तर शंभरी गाठली की पुस्तक आपोआप दुर्मीळ होत नाही. गीतारहस्याला पहिल्यापासूनच एवढी मागणी होती की तीन महिन्यांत दुसरी आवृत्ती काढावी लागली. संग्राहक पाहतो ते वेगळंच. शीर्षकपान आहे का, सगळी पानं आहेत का, मूळ बांधणी टिकली आहे का. यातलं काही गेलं की खरी पहिली आवृत्तीसुद्धा निम्म्यावर येते.

आणि ते घालवतो आपणच, तेही पुस्तक जपायच्या भरात. एका गृहस्थांनी जुनी प्रत बाइंडिंगला दिली. बाइंडरनं कापडी पुठ्ठे फेकून दिले, रेक्झिन चढवलं आणि कडा सरळ दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजू मशीनवर कापल्या. समासात वडिलांच्या हातची टिपणं होती. त्यातल्या शब्दांची आता अर्धी अर्धी अक्षरं उरली आहेत. ती पानं मला दाखवताना त्यांना बोलवेना. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणंही असंच घातक. टेप काही वर्षांत निघून पडते, तिचा पिवळा डिंक कागदात कायमचा मुरतो.

पुस्तक देवघरात सुरक्षित राहतं, हाही भ्रमच. उदबत्तीचा धूर, समईचं तेल, ओल्या बोटांचं कुंकू, सगळं कागदावरच बसतं. नानांच्या प्रतीच्या शीर्षकपानावर कुंकवाचा डाग पार मागच्या बाजूला उतरला होता. पूजा करायचीच, तर गंध-फूल पाटाला वाहावं. एरवी धुवट पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून पुस्तक कोरड्या कपाटात आडवं ठेवावं. भिंतीला टेकवू नये, ओल आणि वाळवी तिथूनच येते. पावसाळा सरला की एकदा उघडून कसर लागली का ते पाहावं.

नानांचा मुलगा अमेरिकेत आहे. “त्याच्याकडे पाठवून देतो, तिकडे चांगला भाव येईल,” असंही ते म्हणाले होते. पुस्तक स्वतःचं असलं म्हणून ते कुठेही नेता येतं असं नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं पुरावस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, आणि ऐतिहासिक मोलाची वस्तू शंभर वर्षांची झाली की पुरावस्तूच्या व्याख्येत बसू शकते. हस्तलिखिताला तर पंचाहत्तर वर्षंच पुरेत. बॅगेत भरण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारलेलं बरं.

शेवटी नानांनी खोडरबर मागवलं. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा पुसल्या की प्रत कोरी दिसेल, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांचा हात धरला. कर्मयोगाच्या प्रकरणात एका परिच्छेदाशेजारी आजोबांनी बारीक अक्षरात एकच शब्द लिहिला होता : ‘यशवंतराव’. १८७०-७१ च्या दुष्काळात याच गावात सरकारी खजिना उघडून लोकांना जगवणारा मामलेदार. मंडालेत लिहिलेलं वाचताना सटाण्यातल्या एका माणसाला तो आठवला होता.

नानांनी चष्मा काढून ती ओळ डोळ्यांजवळ नेली. मग सुनेला हाक मारून पांढरं धोतर फाडून आणायला सांगितलं.