शादलूला सोडलं, ते चुकलं का?

काटेवाडीत कबड्डीचा विषय निघाला की बोलणं हमखास एका जागी येऊन अडतं : प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला सोडायला नको होतं. बारामती–इंदापूर रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी हा वाद सुरू झाला की चहा निवतो, पण वाद निवत नाही. एक जण म्हणतो, ज्यानं किताब मिळवून दिला त्यालाच वर्षभरात सोडून देणारा माणूस पगार तरी कशाचा घेतो? दुसरा लगेच उत्तर देतो, अरे, त्याला आणणारे तरी कोण होते?

हा वाद मला महत्त्वाचा वाटतो. खेळाडूची किंमत आपण गुणांत मोजतो, प्रशिक्षकाची विजयांत. पण खेळाडू निवडणाऱ्याची किंमत मोजायची कशात? युरोपातल्या फुटबॉल क्लबांत या कामाला स्वतंत्र पद असतं, स्वतंत्र खातं असतं आणि त्या माणसाच्या नावानं चाहते भांडतात. आपल्या कबड्डी संघांत हेच काम प्रशिक्षक, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या स्पर्धांवर नजर ठेवणारी जुनी मंडळी यांच्यात वाटलेलं असतं. लिलावाच्या टेबलावरचे दोन-तीन चेहरे टीव्हीवर दिसतात, बाकीचे दिसतही नाहीत.

आधी घडलं काय ते पाहू. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतानं अंतिम सामन्यात इराणला हरवलं आणि दोनच दिवसांनी मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाला. पलटणने इराणच्या शादलूवर 2 कोटी 35 लाखांची बोली लावली. परदेशी खेळाडूसाठी तोवर एवढी रक्कम कुणी मोजली नव्हती. त्या हंगामात संघाला खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा होती 5 कोटी. म्हणजे जवळजवळ निम्मी थैली एका डाव्या कोपऱ्यावर रिकामी झाली. अनेकांनी तेव्हा कपाळाला हात लावला. पुढे पलटण 96 गुणांसह साखळीत पहिली आली, 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाना स्टीलर्सला 28–25 असं हरवून प्रथमच विजेती झाली आणि शादलू हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. कपाळावरचे हात टाळ्या वाजवू लागले.

इथेच आपली नजर चुकते असं मला वाटतं. शादलूसाठी 2 कोटी 35 लाख मोजता आले, कारण उरलेल्या 2 कोटी 65 लाखांत अख्खा संघ उभा राहू शकत होता. तो कसा? कर्णधार अस्लम इनामदार हा नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा पोरगा. मोहित गोयत हरियानाचा, आकाश शिंदे नाशिकचा. ही पोरं नावारूपाला येण्याआधीच पलटणने हेरली होती. लीगच्या नियमांत नवोदित तरुण खेळाडूंची वेगळी सोय आहे. लिलावाबाहेर, ठरलेल्या बेताच्या मानधनात अशा मुलांना करारबद्ध करता येतं आणि पुढचे काही हंगाम राखूनही ठेवता येतं. पलटणने त्यासाठी ‘युवा पलटण’ नावाची अकादमीच चालवली. अस्लम किताबाच्या त्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. त्याच्यासाठी लिलावात चढाओढ करावी लागली असती, तर शादलूच्या बोलीला पलटणचा हात वर गेलाच नसता.

काटेवाडीच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या काट्यावर टनेज दिसतं आणि त्याचीच चर्चा होते. पण ते टनेज ठरलेलं असतं लागणीच्या दिवशी, बेणेमळ्यातून निरोगी, कोवळं, दहा महिन्यांचं बेणं कुणी निवडून आणलं त्यावर. खेळाडू निवडणाऱ्याचं कामही बेणं निवडण्याचंच.

आता निवडताना पाहायचं काय? चढाईपटूचे गुण कुणीही मोजील. जाणकार माणूस मुलाचे पाय पाहतो. बोनस घेऊन परतताना तोल कुणीकडे जातो, दमल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत हात लांबवायचं धाडस उरतं का, दोनदा पकडला गेल्यावर तिसऱ्या चढाईला तो बोनस रेषेपर्यंत जातो की नुसती निदान रेषा ओलांडून माघारी येतो. बचावात तर एकटा खेळाडू पाहून भागतच नाही. कोपऱ्याने घोटा धरला आणि शेजारचा कव्हर क्षणभर उशिरा आला, की पकड सुटते आणि दोघेही बाद. शादलूचा धसमुसळा, पुढे झेपावणारा खेळ पलटणला पचला, कारण मध्ये संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन हे शांत डोक्याचे कव्हर होते आणि उजव्या कोपऱ्याला गौरव खत्री. माणूस चांगला असणं वेगळं आणि तो इथे बसणं वेगळं. पैसा मोजून पहिली गोष्ट मिळते, दुसरीसाठी नजर लागते.

पुण्यानं फुटबॉलमध्ये याची उलटी बाजूही पाहिली आहे. 2014 साली बालेवाडीत एफसी पुणे सिटी उभा राहिला आणि पहिल्याच वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे आला. पुढच्या वर्षी रुमानियाचा एड्रियन मुटू. पोस्टरं झळकली. पण पाच हंगामांत संघ एकदाच, 2017–18 मध्ये, उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि 2019 ला बंद पडला. त्या खटाटोपातून भारतीय फुटबॉलला जे मिळालं ते आशिक कुरुनियनसारखं पोर. मलप्पुरमचा हा मुलगा पुण्याच्या अकादमीत घडला आणि 2019 च्या आशियाई चषकात भारताकडून खेळला.

स्पेनमधल्या सेव्हिया क्लबात मोंची नावाचा माजी गोलरक्षक 2000 साली खेळाडू निवडण्याच्या कामावर बसला. क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत घसरलेला होता. त्यानं दानी आल्वेसला ब्राझीलमधून कोवळ्या वयात आणलं आणि 2008 मध्ये बार्सिलोनाला विकलं. 2006 पासून सेव्हियानं युरोपचा दुसरा मोठा चषक सात वेळा जिंकला. पण हाच मोंची पुढे रोमा क्लबात गेला, तेव्हा दोन वर्षंही टिकला नाही. निवडणारा कितीही पारखी असला, तरी त्याच्याभोवतीचा क्लब बदलला की हिशेब बदलतो.

तर मूळ वाद. किताबानंतर पलटणने शादलूला सोडलं. ऑगस्ट 2024 च्या लिलावात हरियानानं त्याला 2 कोटी 7 लाखांत घेतलं. 29 डिसेंबर 2024 ला अंतिम सामना झाला तो नेमका बालेवाडीत, पुण्याच्या घरात. हरियानानं पाटणा पायरेट्सला 32–23 असं हरवलं. चषक उचलणाऱ्यांत शादलू होता आणि पलटण पहिल्या सहांतही नव्हती. काटेवाडीतली सल ही आहे आणि ती खरी आहे. आपल्याच मैदानावर आपल्याच माणसानं दुसऱ्याचा झेंडा लावला.

पण दुसरी बाजूही ठेवली पाहिजे. त्या हंगामात अस्लम दुखापतीनं बाहेर गेला, त्याचा दोष शादलूला सोडण्यावर टाकता येत नाही. हेरलेली मुलं मोठी झाली की त्यांचं मानधन वाढतं, आणि वाढलंच पाहिजे. मग निम्मी थैली एका माणसाला देणारं गणित दरवर्षी जुळत नाही. पुढच्या, बाराव्या हंगामात गुजरातनं शादलूला 2 कोटी 23 लाख दिले, पण तो संघ बाद फेरीपर्यंत पोचला नाही. पलटण मात्र साखळीत अव्वल राहिली आणि 31 ऑक्टोबर 2025 ला दिल्लीत, दिल्लीच्याच संघाविरुद्ध, अंतिम सामना 31–28 असा अवघ्या तीन गुणांनी हरली. पलटणने सोडलेला आणखी एक इराणी, फझल अत्राचली, त्या दिवशी दिल्लीच्या बचावात उभा होता, हे इथले लोक विसरत नाहीत. मी त्यांना त्याच सामन्यातली दुसरी गोष्ट सांगतो. पलटणकडून सर्वाधिक गुण घेतले ते आदित्य शिंदेनं, आणि तो कोट्यवधींची बोली लावून आणलेला नव्हता.

म्हणून मी शादलूला सोडणाऱ्यांच्या बाजूनं आहे. त्यांना जाब विचारायचाच असेल, तर तो वेगळ्या गोष्टीचा विचारावा. बालेवाडीच्या त्या अंतिम सामन्यात हरियानाचे सर्वाधिक गुण शादलूचे नव्हते. ते होते शिवम पटारेचे. शिवम महाराष्ट्राचा, अस्लमच्याच नगर जिल्ह्यातला. विमान पकडून इराणहून माणूस आणणाऱ्यांच्या नजरेतून नगरचा मुलगा निसटला आणि हरियानानं तो कोवळा असतानाच उचलला. निवड करणाऱ्याचा पगार वसूल झाला की नाही, याचा वाद घालायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडत नाही. दर लिलावाआधी संघ राखलेल्या नवोदितांची यादी जाहीर करतात. ती सहसा कुणी वाचत नाही. काटेवाडीकरांनी आधी ती वाचावी, आणि बारामती-इंदापुरातली कुमार गटाची पोरं त्यात कुठल्या संघाच्या नावापुढे दिसतात ते पाहावं.