खडी सांधणारे रेझिन. आधी हवा पाण्याचा निचरा

ठाणे, प्रतिनिधी : रविवारचा मेगाब्लॉक ठाणे-कल्याण पट्ट्यातील प्रवाशांच्या अंगवळणी पडला आहे. या ब्लॉकमध्ये अनेकदा रुळांखालच्या खडीची दुरुस्ती केली जाते. हीच खडी पॉलिमर रेझिन सोडून जागच्या जागी सांधण्याचे तंत्र परदेशात विकसित झाले आहे. आपल्या लोहमार्गाला त्याचा कितपत उपयोग होऊ शकतो?

खडी का बिघडते?

काँक्रीटच्या स्लीपरखाली साधारणपणे ३०० ते ३५० मिलिमीटर जाडीचा खडीचा थर असतो. टोकदार दगड एकमेकांत अडकून गाडीचा भार जमिनीवर पसरवितात, रूळ सरकू देत नाहीत आणि पावसाचे पाणी वाहून जाऊ देतात. सततच्या भाराने दगडांच्या कडा झिजतात. त्या भुकटीत माती व कचरा मिसळला की पोकळ्या बुजतात, पाणी साचते आणि गाडी जाताना चिखल उसळतो. रूळ असमान खचतात व डबे हेलकावे खातात.

दारात लोंबकळणाऱ्या प्रवाशांसाठी असा हेलकावा जीवघेणा ठरू शकतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर लोकलमधून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथील रुळांच्या देखभालीवरून नोव्हेंबर २०२५ मध्ये गुन्हा दाखल झाला; त्याविरोधात रेल्वे कर्मचारी संघटनांनी आंदोलनही केले.

रेझिन काय करते?

दोन रसायने एकत्र केली की पॉलियुरेथेन तयार होते. ब्रिटनमधील हेरियट-वॉट विद्यापीठात विकसित झालेल्या पद्धतीत ते खडीवर ओतले जाते. दगड जेथे एकमेकांना टेकतात तेथे ते चिकटते. पाणी जाण्यास पोकळ्या मात्र उरतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात अभ्यासलेल्या पद्धतीत नळीने सोडलेला फेस फुगून पोकळ्याच भरून टाकतो. रसायन लवकर घट्ट होत असल्याने रात्रीच्या थोड्या वेळेतही काम करता येते.

मर्यादा कोणत्या?

ओल्या, मातकट दगडांवर रेझिनची पकड कमी पडते. ते महागही आहे. शिवाय एकदा सांधलेली खडी यंत्राने पुन्हा ठोकून बसविणे वा चाळणे अवघड होते. त्यामुळे संपूर्ण मार्गाऐवजी पुलांची टोके, सांधे बदलण्याच्या जागा आणि तीव्र वळणे अशा वारंवार खचणाऱ्या ठिकाणीच ते किफायतशीर ठरते.

कळवा-मुंब्रा भागात पारसिकच्या डोंगरावरून पाणी उतरते, तर दिवा-डोंबिवली परिसरातील जमीन खाडीलगतची व सखल आहे. रुळांलगतच्या नाल्यांत कचराही पडतो. अशा ठिकाणी नाले साफ करणे आणि खडी चाळून घेणे हे काम आधी झाले पाहिजे. अन्यथा महागडे रेझिनही चिखलातच जाईल.