कियारी मालफॉर्मेशन : थोडक्यात

- काय असते? लहान मेंदूचे खालचे टोक (टॉन्सिल) कवटीच्या तळाच्या छिद्रातून मानेत उतरते. घशातल्या टॉन्सिलशी याचा संबंध नाही.
- नाव : ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी. त्यांनी केलेले पहिले वर्णन 1891.
- प्रकार 1 : टॉन्सिल साधारण 5 मिमी किंवा अधिक खाली. अनेकदा मोठेपणीच कळतो.
- प्रकार 2 : जन्मतः, पाठीचा कणा उघडा राहण्याच्या दोषासोबत.
- डोकेदुखी : डोक्याच्या मागे, मानेच्या वर. खोकताना, शिंकताना, कुंथताना कळ येते. बहुधा काही सेकंद ते काही मिनिटे टिकते.
- मायग्रेनशी फरक : मायग्रेनमध्ये दुखणे 4 ते 72 तास, अनेकदा एका बाजूला, मळमळ, उजेड सहन न होणे. दोन्ही एकाच व्यक्तीत असू शकतात.
- तपासणी : एमआरआय. मिलिमीटरचा आकडा आणि त्रासाची तीव्रता जुळतेच असे नाही. काहींना कसलाच त्रास नसतो.
- सिरिंक्स : कियारीसोबत कधी कधी मज्जारज्जूत पाणी साठून होणारी पोकळी. हातांना गरम-गार न कळणे ही खूण.
- उपचार : त्रास नसल्यास देखरेख, गरजेनुसार छिद्राजवळचे हाड काढून जागा मोकळी करणारी शस्त्रक्रिया.
- ताबडतोब डॉक्टरांकडे : गिळताना ठसका, हातापायांत अशक्तपणा, तोल जाणे, झोपेत श्वास अडकणे.