रिळाचा रस्ता

परवा गावी, नरसी नामदेवला, गेलो होतो. ओसरीवर वडिलांचे जुने शिलाईयंत्र अजून आहे. पुतणी त्यावर झबले शिवत होती. दोरा सारखा तुटत होता आणि ती दर वेळी सुईलाच दोष देत होती. दोन सुया बदलून झाल्या, तरी दोरा तुटायचा थांबेना. मला हसू आले, कारण चाळीस वर्षांपूर्वी याच यंत्रावर मी हेच केले होते.

नामदेवांच्या या गावात शिवणकामाला वेगळाच मान. आमचेही घर त्यावरच चालले. वडील म्हणत, "दोरा सुईपाशी तुटतो, पण बिघाड सुईत असेलच असे नाही. रिळापासून निघ आणि सुईपर्यंत ये." हे वाक्य पुढे माझ्या पोटापाण्याला आले. मात्र ते शिवणकामात नव्हे, सिनेमाच्या यंत्रावर. तिथेही वस्तूचे नाव रीळच!

१९८६ च्या हिवाळ्यात मी एका फिरत्या टॉकीजबरोबर निघालो. दिवाळीनंतर पाल ठोकायचे आणि पावसाळ्याआधी गुंडाळायचे, असा तंबूचा हंगाम असे. आमच्या गावची परतवारी आषाढात, भर पावसात. त्यामुळे तिला तंबू नसे. मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची जत्रा, पुढे औंढा नागनाथची महाशिवरात्र, असे आमचे मुक्काम. यंत्र ट्रकमध्येच बसवलेले, प्रकाशाचा झोत तिथूनच तंबूत जायचा. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, सगळे जमिनीवर.

आमच्या ऑपरेटरला सारे मामा म्हणत. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितले, की फिल्म सेकंदाला २४ चित्रे दाखवते, पण प्रत्येक चित्र खिडकीसमोर क्षणभर थांबते. म्हणजे मागून फिल्म अखंड येते आणि मध्येच थांबत थांबत सरकते. हे जमावे म्हणून खिडकीच्या वर आणि खाली फिल्मचा एकेक सैल फास ठेवावा लागतो. वरचा फास गेला तर फिल्म फाटते. खालचा लहानमोठा झाला तर ओठ आणि शब्द यांची फारकत होते, कारण आवाज वाचणारा दिवा खिडकीपासून सुमारे वीस चित्रे पुढे असतो.

फिल्म तुटली की तंबूत शिट्ट्या आणि ट्रकवर खडे! मी घाबरून खिडकीतच बोटे घालायचो. मामा हात धरत. "ओरडणाऱ्यांकडे बघू नको. वरच्या रिळापासून बोट फिरवत ये." कधी रीळ वाकलेले निघे, कधी वरची रोळी अडकलेली, कधी जुना जोड सुटलेला. खिडकीत क्वचितच काही असे.

पुढे तंबू ओसरले. २००४ साली मी एका मोठ्या शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये लागलो. तिथे रीळच नव्हते, प्लॅटर होता. माणसाच्या कमरेइतक्या उंचीपासून एकावर एक आडव्या तीन थाळ्या. सगळी रिळे जोडून अख्खा चित्रपट एकाच थाळीवर गुंडाळायचा. तीन तासांचा चित्रपट म्हणजे १६,२०० फूट, जवळजवळ पाच किलोमीटर फिल्म! ती थाळीच्या मध्यातून निघते, रोळ्यांवरून यंत्रात जाते आणि परत येऊन दुसऱ्या थाळीवर पुन्हा मध्यापासून गुंडाळली जाते. त्यामुळे खेळ संपला की उलटी गुंडाळण्याची भानगड नाही. विली बुर्थ या जर्मन गृहस्थांची ही युक्ती. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तिला १९८० च्या दशकात तांत्रिक पुरस्कार दिला. थाळीच्या मध्यभागी एक लहानशी हलती दांडी असते. तिला 'ब्रेन' म्हणत. फिल्म ताणली की दांडी झुकते आणि थाळीचा वेग वाढतो. फिल्म सैल पडली की वेग कमी होतो. शिलाईयंत्रावर दोऱ्याचा ताण सांभाळतात तसेच.

एका पडद्यावर आठवड्यातून दोनदा तरी फिल्म त्या दांडीभोवती गुरफटायची. खेळ बंद, पैसे परत. पॉलिएस्टरची फिल्म तुटत नाही, ती यंत्रालाच ओढते. त्या पडद्यावर तेव्हा एक कोवळा पोरगा होता, नुकताच शिकलेला. "फिल्म नीट लावत नाही" असा शेरा त्याच्या नावावर तीनदा पडला होता. चौथ्यांदा झाले की घरी. मी एक खेळ मागून घेतला.

आधी वाटले, कोरड्या हवेने फिल्मचे वेढे एकमेकांना चिकटत असतील. उन्हाळ्यात तसे होते. ओले फडके टांगले. फरक नाही. मग वडिलांची आठवण झाली. स्टूल घेऊन यंत्रापाशी नव्हे, थाळीपाशी बसलो आणि दांडीकडे पाहत राहिलो. ती ठेक्यात मान डोलावत होती. घड्याळ लावले. सुरुवातीला दोन सेकंदांच्या आत एक झोका. मध्यंतराला पाच सेकंदांचा. शेवटाकडे साडेसहाचा.

इथेच उत्तर होते. रोळी खराब असती तर तिचा ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राहिला असता, कारण रोळीचा घेर बदलत नाही. थाळीवर मात्र फिल्म आतून निघत जाते, मधले भोक मोठे होत जाते, म्हणून प्रत्येक फेऱ्याला अधिकाधिक वेळ लागतो. ठेका लांबत होता, म्हणजे दोष थाळीत होता. गवंड्याची पाणसळ मागवून थाळीवर ठेवली. बुडबुडा एका बाजूला! प्लॅटरचा एक पाय कधीकाळी साफसफाईत हलला असावा. त्याखाली कोणीतरी पुठ्ठ्याची घडी सारली होती आणि ती दबत गेली होती. थाळी कललेली, त्यामुळे फिल्मची गुंडाळी केंद्रावरून तसूभर सरकत होती. पुठ्ठा काढला, पायाचा स्क्रू फिरवला, चारही दिशांना बुडबुडा मध्यावर आणला. मग रोळ्याही थाळीच्या पातळीशी जुळवून घेतल्या.

त्यानंतर त्या पडद्यावर फिल्म गुरफटली नाही. पोरगा नोकरीत राहिला. त्याचे तीन शेरे मात्र कोणी खोडले नाहीत.

आज ही विद्या निरुपयोगी आहे. उपग्रहाने आणि हार्ड डिस्कने चित्रपट येऊ लागले आणि २०१४ च्या सुमारास आपल्याकडे फिल्मचे दिवस जवळपास संपले. आमचे प्लॅटर भंगारात वजनावर गेले. मी २०१२ सालीच बाहेर पडलो होतो. त्याची खंत करत बसण्यात अर्थ नाही. नव्या यंत्राने चित्र स्वच्छ दिसते, ओरखडे नाहीत, हे मान्यच करायला हवे. खंत आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. काहीही बिघडले, की शेवटच्या टोकाला उभा असलेला माणूस धरायचा, ही सवय यंत्राबरोबर भंगारात गेली नाही. कार्यालयात खिडकीवरचा कारकून, इस्पितळात रात्रपाळीची परिचारिका, शाळेत नवा मास्तर. पुठ्ठा कोणत्या पायाखाली आहे, हे वाकून बघायला वेळ कोणाला आहे?

पुतणीला म्हटले, "सुई राहू दे. रिळापासून निघ." तिने बोट फिरवायला सुरुवात केली, ती पहिल्याच ठिकाणी थांबली. रिळाच्या काठाला टोक अडकवायची खाच असते ना, तिच्यात दोरा दर फेऱ्याला अडकत होता. तिने रीळ उलटे बसवले. यंत्र पुन्हा चालू झाले.

"काका, दोन सुया फुकट गेल्या," ती म्हणाली.

दोनच गेल्या, हे काय कमी आहे?