घाटासाठी घडवलेली जुनी गाडी

खोपोली मागे टाकून जुना मुंबई-पुणे रस्ता भोर घाटात शिंग्रोबाच्या देवळाकडे चढू लागतो, तिथून पुढे गाडीचा रंग आणि बंपरची चकाकी कामाची राहत नाही. चढताना इंजिन थंड राहते का आणि उतरताना ब्रेक शेवटच्या वळणापर्यंत लागतात का, एवढे दोनच प्रश्न उरतात. कर्जत-खालापूर भागात एखादी जुनी सेडान विकत घेऊन ती रोज चालवण्याजोगी घडवायची असेल, तर कामाला सुरुवात या दोन प्रश्नांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. प्रत्यक्षात बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी रंग, मग रुंद टायर, मग कुठल्या तरी नव्या गाडीचे मोठे इंजिन बसवता येईल का, याची चौकशी. पैसे तिथेच संपतात आणि ब्रेकचे रबरी पाइप वीस वर्षांपूर्वीचे तसेच राहतात.

जुन्या साध्या गाडीला नवे बळ देण्याच्या या छंदाला अमेरिकेत ‘हॉट रॉड’ म्हणतात. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण फोर्डच्या जुन्या, स्वस्त गाड्या घेत, अनावश्यक पत्रा काढून टाकत आणि इंजिनवर हात चालवून त्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत पळवत. वेग मोजण्याची शिस्त लावणारी त्यांची संघटना १९३७ मध्ये उभी राहिली. ‘हॉट रॉड’ याच नावाचे मासिक जानेवारी १९४८ मध्ये निघाले. फोर्डने १९३२ मध्ये व्ही-८ इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणले, म्हणून त्या सालच्या फोर्डला या जगात आजही मोठा मान आहे. या छंदात वेगाला एवढे महत्त्व का आले, हे जागा पाहिली की कळते. मैलोन्‌मैल सपाट, कोरडी जमीन, ना वळण ना पाऊस. तिथल्या जमिनीने गाडीकडे वेग मागितला आणि पोरांनी तो दिला. त्यांच्याकडून उचलण्यासारखी गोष्ट वेगापेक्षा मोठी आहे: आपला रस्ता काय मागतो ते ओळखायचे आणि मिळेल त्या साध्या गाडीत ते उतरवायचे. भोर घाट वेग मागत नाही.

आपल्याकडे या कामाला सर्वांत योग्य गाडी म्हणजे फियाट ११००, अर्थात पुढची प्रीमियर पद्मिनी. तिचे आणि या घाटाचे नाते जुने आहे. वालचंद हिराचंद यांनी मोटारींचा कारखाना काढण्याच्या कितीतरी आधी, १९२० च्या दशकात, त्यांच्या बांधकाम कंपनीने भोर घाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे काम केले होते. पुढे १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९५३ मध्ये ते वारले आणि १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली. १९७४ मध्ये तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली आणि या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, चाळिसेक अश्वशक्ती, स्टिअरिंगखाली हँडल गिअर, मागे पाटे आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. ही गाडी रोजच्या वापराला टिकते का, या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने चार दशके दिले आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदवली गेली आणि टॅक्सीसाठीची २० वर्षांची मर्यादा भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. तिला बाहेर काढले ते वयाच्या नियमाने.

चाळीस अश्वशक्ती घाटाला पुरेल का? ही शंका सगळ्यात आधी येते, म्हणून हिशेबच करून पाहू. माणसे-सामानासह गाडीचे वजन १,२०० किलो धरू आणि चढ पंधरास एक, म्हणजे पंधरा मीटर पुढे जाताना एक मीटर वर. ताशी ३० किलोमीटरने हा चढ चढायला, टायरचा अडथळा आणि गिअर-डिफरन्शियलमधील घट धरूनही, बारा-तेरा अश्वशक्ती लागते. ताशी ५० चा वेग ठेवायचा तर साधारण तेवीस-चोवीस. इंजिनची कंप्रेशन बरी असेल, कार्बुरेटर स्वच्छ असेल आणि क्लच घसरत नसेल, तर मूळ इंजिनात हे बळ आहेच. मोठ्या इंजिनाची ओढ ज्याला वाटते, त्याने आधी सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन-रिंग घातलेले मूळ इंजिन चालवून पाहावे. अनेकदा आपण ज्याला कमी ताकद म्हणतो ती झिजलेल्या इंजिनाची गळती असते.

खरी अडचण उष्णतेची आहे. पेट्रोलमधील ऊर्जेचा जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोहोचतो आणि जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरच्या पाण्यात जाते. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना समोरून वारा मिळतो. घाटात ट्रकच्या रांगेमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना इंजिन राबत असते आणि वारा मात्र नसतो. म्हणून पहिला मोठा खर्च रेडिएटरवर करावा. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरून आतल्या नळ्यांत क्षार साचलेले असतात. अशा वेळी वरून धुऊन भागत नाही, कोअरच बदलावा लागतो. त्यात डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घालावे, वॉटर पंपाचे सील नवे बसवावे आणि तापमानाप्रमाणे आपोआप सुरू होणारा विजेचा पंखा लावावा. पण पंखा लावला की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. जुन्या गाड्यांतला डायनॅमो इंजिन मंद चालत असताना फारसे चार्जिंग करत नाही. पावसाळी रात्री खालापूर फाट्यावर कोंडीत अडकल्यावर हेडलाइट, वायपर आणि पंखा तिन्ही चालू असतील, तर बॅटरी उतरत जाते. त्यामुळे पंख्याबरोबर अल्टरनेटर येतो आणि अल्टरनेटरबरोबर नवी वायरिंग. जुन्या गाडीत एकटा बदल असा होत नाही. प्रत्येक सुधारणा शेजारच्या भागाकडे बोट दाखवते. हे ध्यानात घेऊन आधी पूर्ण आराखडा करणारा आणि आठवड्याला एक वस्तू बसवणारा, या दोघांच्या गाड्यांत दोन वर्षांनी फार अंतर पडलेले असते.

उतरण चढणीहून कठीण. खंडाळ्याहून खोपोलीला येताना गाडी साधारण पाचशे मीटर खाली येते. १,२०० किलोच्या गाडीची ही सगळी उंची ब्रेकमध्ये जिरवायची म्हटले, तर त्या उष्णतेने अठरा-एकोणीस लिटर पाणी उकळीला येईल. ड्रमच्या बंद डब्यात ती साठते, लायनरची पकड कमी होते, आणि ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन पेडल मऊ पडते. कोकणातल्या दमट हवेत ब्रेक ऑइल लवकर पाणी ओढते, म्हणून ते दरवर्षी बदलणे इथे चैन नव्हे. दुसरा धोका त्याहून गंभीर आहे. जुन्या फियाटमध्ये चारही चाकांना तेल पुरवणारा मास्टर सिलिंडर एकेरी असे. एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. पुढच्या-मागच्या चाकांचे मार्ग वेगळे करणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे, हा मला या गाडीतला सर्वांत मोलाचा बदल वाटतो. सोबत नवे पाइप, नवे व्हील सिलिंडर आणि नीट ओढणारा हँडब्रेक. पुढच्या चाकांना डिस्क बसवता आल्या तर फारच चांगले, कारण त्या उघड्यावर असल्याने लवकर थंड होतात आणि पाण्यातून गेल्यावर लवकर वाळतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाऊन आलेला ड्रम पहिल्या काही वेळा नुसता घसरतो. आणि हे सगळे केल्यावरही, ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायची जुनी चाल सोडायची नाही.

पाऊस इथल्या गाडीचा खरा परीक्षक आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर आणि दाराखालचे पत्र्याचे पोकळ खांब मिळून तिचा सांगाडा होतो. म्हणजे फ्लोअर कुजला तर गाडीचा कणाच कुजला. वरून पुट्टी लावून चकचकीत रंगवलेली गाडी पसंत करण्याआधी ती उचलून खालून पाहावी, मॅट काढून टोच्याने पत्रा टोचून पाहावा. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणे, पोकळ भागांत गंजरोधक मेण किंवा तेल मारणे आणि दाराखालची पाणी निघण्याची भोके मोकळी ठेवणे, हे टिंकरचे काम रंगाच्या दुप्पट वेळ खाते. त्या वेळाची कुरकुर करू नये. डिस्ट्रिब्यूटरचे कॅप आणि जाड वायरी नव्या असल्या, की पहिल्या पावसात गाडी बंद पडण्याची निम्मी कारणे जातात. इंधनाचेही बघायला हवे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि हवेतली ओल ओढते. म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत, कार्बुरेटरचे जेट पुन्हा जुळवावेत आणि टाकी महिनोन्‌महिने भरून ठेवू नये.

यावर पहिला आक्षेप शुद्धतावादी घेतील: डिस्क, अल्टरनेटर, विजेचा पंखा बसवला तर ती जुनी गाडी उरली कुठे? या आक्षेपाला मी मान देतो, पण कायद्यानेच इथे दोन वाटा वेगळ्या केल्या आहेत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरमालिका मिळते. मात्र अशी गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. ज्याला घड्याळासारखे मूळ रूप जपायचे आहे त्याच्यासाठी ती वाट चांगली आहे. ज्याला या गाडीने कर्जत स्टेशनवर पाहुणे आणायला जायचे आहे, त्याला साधी नोंदणीच ठेवावी लागेल. ती १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते, त्याचे शुल्क वाढले आहे, विमा आणि पीयूसी चुकत नाहीत. मी दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे, कारण उभी राहिलेली गाडी आतून मरते: सील सुकतात, ब्रेकचे पिस्टन अडकतात, टाकी गंजते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. एवढेच करायचे तर नवे दमदार इंजिन का नको? मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे कठोरपणे अधोरेखित केले. इंजिन बदलायचे तर परवानगी आणि नोंद लागते. परक्या इंजिनाला ती गृहीत धरता येत नाही आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडू शकतो. ब्रेकची जात नोंदणीपुस्तकात लिहिलेली नसते, तरी डिस्क बसवण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. कायदा बाजूला ठेवला तरी, दुप्पट ताकदीचे इंजिन त्याच सांगाड्यावर, त्याच पाट्यांवर आणि त्याच स्टिअरिंगवर ओझे टाकते, आणि घाटात त्या ताकदीचा उपयोग काय हे वरच्या हिशेबात दिसलेच आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ही गाडी धूर जास्त करते आणि अपघातात माणसाला कमी वाचवते. दोन्ही खरे आहे. पीयूसीत जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो; बीएस-४ गाडीला ०.३ टक्के, म्हणजे दहापट फरक. एअरबॅग नाही, पुढून धडक बसली तर चेपून धक्का शोषणारा भाग नाही. याची भरपाई पूर्ण होत नाही, म्हणून ‘रोजचा वापर’ या शब्दाची व्याप्तीच मर्यादित ठेवावी लागते. रोज मुंबईला शंभर-सव्वाशे किलोमीटरचा फेरा या गाडीने मारू नये. त्यासाठी कर्जतहून लोकल आहे. द्रुतगती मार्गावर ताशी शंभरने धावणाऱ्या गाड्यांच्या मध्ये हिला घालू नये. चौक, खालापूर, खोपोलीचा जुना रस्ता हिचा आहे. माथ्याजवळ दोन्ही रस्ते काही अंतर एकत्र येतात, तेवढा भाग डावीकडून, दिवसा. पुढच्या दोन्ही आसनांसाठी, पत्र्याला मागून जाड पट्टी वेल्ड करून, तीन टोकांचे सीटबेल्ट बसवावेत. आठवड्याचा बाजार, दवाखाना, शेतघर, सणाला कर्जतहून खोपोली आणि वर्षातून दोन-चार वेळा लोणावळा एवढे फिरणे असेल, तर जुळवलेल्या कार्बुरेटरच्या गाडीचा वर्षाचा धूर तिच्या किलोमीटरइतकाच कमी राहतो. यापेक्षा जास्त फिरायचे असेल त्याने नवी गाडी घ्यावी, हे मला सरळ मान्य आहे.

राहिला रंग. तो शेवटी द्यावा, आणि तोही पहिला पावसाळा गाडीने प्रायमरवर काढल्यानंतर. चार महिने भिजून, घाट चारदा चढून-उतरून आली की पाणी कुठून शिरते, वेल्ड कुठे सुटले, कुठल्या खिळखिळ्या दारातून वारा येतो हे सगळे उघडे पडते. ते दुरुस्त करताना नवा रंग जाळावा लागत नाही. पुस्तकात नोंदलेलाच रंग द्यायचा, म्हणजे परिवहन कार्यालयाची एक फेरी वाचते. दिवाळीच्या आसपास हवा कोरडी होते; पेंटरकडे गाडी तेव्हा सोडावी.